सव्वा महिन्यानं दाखवायला या

"सिस्टर, दुखतं का?"

सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. तांबी बसवायला आलेली बाई टेबलावर चढता चढता हळूच विचारायची, आणि मी तोंड उघडायच्या आत पडद्यापलीकडून दुसरीच कोणीतरी उत्तर द्यायची, "बाळंतपण सोसलंस न्हवं? मग याला काय भेतीस!" एवढं ऐकलं की टेबलावरची बाई ओठ घट्ट मिटून घ्यायची. मला त्या वाक्याचा फार राग यायचा. अजून येतो.

माझी नोकरी नांदेड जिल्ह्यात गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं कंधारच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात. निवृत्त सिस्टर दिसली की लोक कौतुकानं विचारतात, किती बाळंतपणं केलीत हो? तांबीचं कोणी विचारत नाही. या अंकाच्या संपादकांनीही बाळंतपणांवरच लिहा म्हणून गोड आवाजात सांगितलं होतं. पण बाळंतपणाला अख्खं गाव दारात उभं असतं, पेढे असतात, फोटो असतात. तांबीवाली बाई एकटी येते, पदर डोक्यावरून पुढं ओढून, आणि बाजाराची पिशवी हातात धरून, म्हणजे कोणी पाहिलंच तर भाजीला आले होते म्हणता येतं. मला त्या पिशवीवाल्या बायकांबद्दल लिहायचं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तांबी म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची प्लास्टिकची इवलीशी वस्तू. करंगळीच्या दोन पेरांएवढी. तिला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते आणि खाली दोन मऊ दोरे असतात. ती गर्भपिशवीत बसवली की काही वर्षं दिवस राहत नाहीत, आणि हवं तेव्हा काढता येते. गर्भपिशवी हा स्नायू आहे. त्यात परकी वस्तू गेली की तो आवळतो, पाळीत दुखतं तसं दुखतं. कोणाला नुसती कळ येऊन जाते, कोणाला दोनचार दिवस ओटीपोट धरून बसावं लागतं. पहिल्या काही पाळ्या अंगावरून जास्त जातं. यात लपवण्यासारखं काय आहे? पण आमच्या लोकांना वाटायचं, दुखतं असं खरं सांगितलं तर बाई पळून जाईल. माझा अनुभव उलटा. खोटं सांगितलं की ती पहिल्या कळेलाच आपल्याला फसवलं असं समजते, आणि मग कधीच परत येत नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार. धर्माबादच्या मिरचीच्या व्यापाऱ्याची बायको माहेरी आलेली, तिला एकच चिंता होती. विजा कडाडताना अंगणात गेलं तर तांब्याच्या तारेवर वीज पडणार नाही ना? मी म्हटलं, बाई, तुमच्या गळ्यात त्याहून मोठा ऐवज आहे, वीज आधी तिथं जाईल. तिनं लगेच गळ्याला हात लावला. दुसरा नमुना लातूरचा, गंजगोलाईजवळ शिलाईचं दुकान असलेला एक टेलर. बायको लाजून दारातच उभी आणि हा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. "बाई, काम अच्छा है, लेकिन फिनिशिंग नै," म्हणाला. दोरा लांब राहिला होता आणि त्याला टोचत होता, ही तक्रार. चूक नव्हती त्याची, दोरा थोडा कापून देता येतो, तसा दिलाही. जाताना त्यानं दारातूनच विचारलं, कोणत्या कंपनीचा धागा वापरता?

असले नमुने परत यायचे म्हणून मला आवडायचे. बाकीच्यांचं काय? तांबी बसवून झाली की तपासणीला परत यायचं असतं. पहिली पाळी होऊन गेली की दोरा जागेवर आहे का, जंतुसंसर्ग नाही ना, हे बघायला. तारीख लिहून दिली की कागद चुलीत जायचा. मग मी एक युक्ती केली. आमच्याकडं बाळंतिणीचा सव्वा महिना लहान पोरीलासुद्धा कळतो. म्हणून मी सांगायला लागले, "सव्वा महिन्यानं दाखवायला या." आणि दुखण्याचं सोपं करून सांगायचे. थोडं खाऊन मग गोळी घे, ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेव, जमेल तेवढं काम कर, जमेल तेवढी पड. दुखणं रोज थोडं थोडं उतरायला हवं. उतरतं दुखणं घरी, चढतं दुखणं माझ्याकडं. ताप आला, घाण वास यायला लागला, घडीघडीला कपडा भिजायला लागला, पाळी चुकली, दोरा सापडेनासा झाला किंवा हाताला काही टणक लागलं, तर सव्वा महिन्याची वाट बघायची नाही, उठायचं आणि यायचं.

तरीही पोट दुखलं की बायका माझ्या आधी जायच्या चाँदबीकडं.

चाँदबी म्हणजे आमच्या गावची बेंबी बसवणारी. हिच्या सासरी भांड्यांना कल्हई करायचा धंदा, आणि हिचा हातगुण पंचक्रोशीत. आमच्याकडं समज असा की जड उचललं, पाय वाकडा पडला की बेंबी सरकते, आणि मग पोटात कुठंही दुखलं तरी कारण तेच. चाँदबी येणार, पोट चाचपणार, बेंबीवर कणकेची चकती ठेवून तिच्यावर पेटती वात ठेवणार आणि वरून तांब्या पालथा घालणार. वात विझली की तांब्या पोटाला गच्च धरतो. तो आपोआप सुटला की बेंबी जागेवर आली.

सुरुवातीला आम्हा दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. मग एकदा मीच तिला बोलावून चहा पाजला. म्हटलं, "खाला, तुझा तांब्या तुला लखलाभ. पण तांबी बसवलेल्या बाईचं पोट दुखत असेल तर तांब्या लावायच्या आधी एक विचार, दुखणं चढतं का उतरतं? चढत असेल तर माझ्याकडं पाठव." तिनं बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "मेरे पास आनेवाली औरत सच बोलती बाई. तुम्हारे पास डरती." हे मला झोंबलं. पण त्यानंतर तिनं पाठवलेल्या बायका यायला लागल्या. आमच्या वरिष्ठ बाईंनी एकदा नाक मुरडलं, सरकारी दवाखाना वैदूबायांच्या नादी लागला म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, ती पाठवते, मी घेते. तुम्ही पाठवणार असाल तर तिला बंद सांगते."

आता मनीषाचं सांगते.

मनीषा कंधार ते नांदेड गाडीवर कंडक्टर. नवीनच लागलेली. दोन वर्षांची मुलगी, नवरा नांदेडजवळ विष्णुपुरीला एका मेसमध्ये आचारी, घरी सासू गयाबाई. नातीला सासूच सांभाळायची, म्हणून नोकरी चालली होती. नव्या नोकरीत लगेच दुसरं मूल नको, हे नवराबायकोनं फोनवर ठरवलं. सासूला सांगायचं नाही हेही तेव्हाच ठरलं. कारण तांबीचं नाव निघालं की गयाबाई चवताळायच्या. तांबीचं सांगायला घरोघर फिरणाऱ्या गावातल्या आशाताईंना त्या दरवेळी दारातूनच परत पाठवायच्या. गावाचा समज झाला की म्हातारीला नातू हवाय. माझाही तोच समज होता.

मनीषानं तोच प्रश्न विचारला, दुखतं का. तेव्हा आमच्याकडं लातूरच्या एक तरुण डॉक्टर मॅडम नव्यानं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दुखेल. पण सोसायचं काहीच कारण नाही. आधी गोळी देऊ, ती लागू होईपर्यंत बसू, आणि मध्येच थांबा म्हणालीस तर मी थांबेन." मी इतकी वर्षं टेबलाशेजारी उभी राहिले, पण थांबा म्हटलं की थांबेन असं कोणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मागच्या सगळ्या बायका डोळ्यांसमोर आल्या आणि वाईट वाटलं. मनीषाचं सगळं नीट झालं. सुट्टीचा दिवस पोट शेकून काढला आणि दुसऱ्या दिवशी ती गाडीवर गेली. दोनतीन दिवसांनी गाडी दवाखान्यासमोरून जाताना खिडकीतून मला ओरडून सांगून गेली, "उतरलं, सिस्टर!" मागच्या प्रवाशाला वाटलं त्यालाच उतरवतात, तो पिशवी घेऊन उठला.

पुढं पाळी आली आणि दुखणं उतरायच्या ऐवजी चढलं. दुपारची फेरी करून घरी आली ती पोट धरून आडवी झाली. चढतं दुखणं म्हणजे दवाखाना, हे तिला ठाऊक होतं. पण उशाशी सासू बसलेली. जाणार कशी आणि सांगणार काय? "गाडीचे दनके बसून बेंबी सरकली," गयाबाईंनी निदान करून टाकलं आणि चाँदबीला सांगावा धाडला.

चाँदबी आली, तिनं वात पेटवली, तांब्या लावला. त्यानं पोट धरलं तशी मनीषा अशी किंचाळली की पोर रडायला लागली. चाँदबीनं पटकन तांब्याच्या कडेला बोट घालून तो सोडवला, पोटावर तळवा ठेवला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "चढताय क्या?" मनीषानं मान हलवली. "बिठाई क्या?" मनीषानं डोळे मिटून पुन्हा मान हलवली. चाँदबीनं तांब्या, वात, कणीक सगळं फडक्यात बांधलं आणि गयाबाईंना म्हणाली, "आक्का, ये मेरा काम नै. दवाखान्यात चला."

"आगं पर सरकलंय काय?"

"चला तर."

नातीला शेजारी ठेवून तिघी ऑटोनं दवाखान्यात आल्या. मनीषाला आत घेतलं. चाँदबी आणि गयाबाई बाहेर बाकावर. मॅडमनी तपासलं. तांबी जागेवरून सुटून गर्भपिशवीच्या तोंडाशी आली होती, अर्धी आत अर्धी बाहेर. म्हणून गर्भपिशवी कळा देऊन राहिली होती. काही बायकांमध्ये असं होतं, बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच होतं, आणि त्यात कोणाचीही चूक नसते. ना बाईची, ना बसवणाऱ्याची, ना गाडीच्या दणक्यांची. मॅडमनी ती काढून घेतली. एवढ्यानंच मनीषाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. दिवस राहिलेले नाहीत, संसर्ग नाही, हे बघून मॅडम म्हणाल्या, "दुसरी बसवता येते. किंवा गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे. घाई नाही, विचार कर. आणि बसवायचीच म्हणशील तर या वेळेला भूल देणारं इंजेक्शनही देऊ."

मी बाहेर आले. गयाबाई उठून उभ्याच.

"काय झालंय तिला?"

"बरी आहे. बाकी तिलाच विचारा," मी म्हटलं. आमच्या कामात हा पहिला नियम. टेबलावरच्या बाईची गोष्ट बाकावरच्या बाईला सांगायची नाही, मग ती सासू असो की आई.

"मला काय येडी समजता का? चाँदबीनं तांब्या गुंडाळला तवाच वळखलं म्या. तांबी बसवलीय तिनं." आवाज इतका चढला की औषधाच्या खिडकीपाशी उभे असलेले लोक वळून बघायला लागले. "काडून टाका ती. आत्ताच्या आत्ता काडा!"

"गयाबाई, नातवाचा हट्ट थोडा बाजूला..."

"कुनाला पायजे नातू?" त्या माझ्यावरच घसरल्या. "न्हाई झाला तर न्हाई झाला! एक पोर हाय, लई हाय. पन ते काडा म्हनते ना मी. ऱ्हाऊन जातं ते आत. जलमभर दुखतं."

आणि बाकावर टेकल्या. पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडं न बघता, समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, "माजी काडायची ऱ्हायलीय."

मला आधी कळेना. कळलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसले.

दुसऱ्या मुलानंतरची गोष्ट. तेव्हा पोरगा पाळण्यात होता. माहेरी गेल्या होत्या तर तिथल्या शाळेत शिबिर होतं, बहिणीबरोबर जाऊन बसवून आल्या. सासरी कोणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तिथल्या सिस्टरनं सांगितलं होतं, महिन्यानं दाखवायला या. "कशी येनार? सासू इचारनार नव्हती का, कुटं चाललीस? दोन येळा निगाले बगा. एकदा यश्टी श्टँडावरून परत आले." पुढं ती सिस्टर बदलून गेली, माहेरची माणसं गेली, पाळीही गेली. कोणाला काय म्हणून सांगायचं? लोक म्हणायचे देवानं दोनच दिली. त्या हो म्हणायच्या. ओटीपोटात दुखायला लागलं की चाँदबीला बोलवायच्या.

चाँदबी इतका वेळ फडक्याची गाठ धरून ऐकत होती. तिनं कपाळावर हात मारला. "इत्ते बरस लोटा लगाई मैं इसकू! मेरे कू भी नै बोली!" मग तिचेच डोळे भरून आले. मला सांगून गेली होती ना, तिच्याकडं बायका खरं बोलतात. तिनं पुढं होऊन गयाबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मला त्या क्षणी फार लाज वाटली. गावाबरोबर मीही या बाईला नातवासाठी हपापलेली सासू ठरवून मोकळी झाले होते. आणि ती एवढी वर्षं आशाताईंना दारातून हाकलत होती, ते दुसऱ्या कोणाच्या पोटात हे राहून जाऊ नये म्हणून.

आतून मनीषानं हाक मारली. तिचं ठरलं होतं, दुसरी बसवायची. मी विचारलं, सासूबाई बाहेर आहेत, सगळं ओळखून आहेत, आत घ्यायचं का? ती घाबरली. मग छताकडं बघत म्हणाली, "घ्या."

गयाबाई आत आल्या, टेबलाच्या उशाशी उभ्या राहिल्या.

"आत्या, चिडलाव का?"

"तुला थांबवाया आले नव्हते," त्या म्हणाल्या. "बसव. पन काडायची येळ मला सांगून ठेव. तू इसरलीस तरी मी इसरनार न्हाई." मग मॅडमकडं वळून दरडावलं, "आनि तिला दुखाया न्हाई पायजे."

मॅडम म्हणाल्या, "नाही दुखू देणार." गोळी, भुलीचं इंजेक्शन, मध्ये दोनदा थांबणं, सगळं यथासांग झालं. मनीषानं सासूचा हात मात्र आवळून ठेवला होता. तिचं दुखलं नाही, सासूची बोटं चांगली दुखली. बाहेर येऊन त्या बोटं चोळत होत्या आणि चाँदबी विचारत होती, "इसपे लोटा लगाऊँ क्या?"

गयाबाईंची सोनोग्राफी झाली. तांबी होती, खरंच होती. इतकी जुनी आणि पाळी गेलेली, म्हणून आमच्याकडं न काढता मॅडमनी त्यांना नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. कशा गेल्या? सुनेच्या गाडीतून. मनीषानं त्यांना कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसवलं, बायकांचं अर्धं तिकीट फाडून हातात दिलं, आणि नांदेडला पोचल्यावर नवऱ्याच्या ताब्यात दिलं. आयुष्यभर ज्या मुलापासून लपवलं तोच त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेला. तांबी सुखरूप निघाली. इतक्या वर्षांचं दुखणं तिचंच होतं का, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, खात्रीनं सांगता येणार नाही, तिचं असेल, आणखी कशाचं असेल. तिकडचे डॉक्टरही तेच म्हणाले. पुन्हा दाखवायला यायची गरज नाही, काही त्रास झाला तरच या, असं सांगून त्यांनी गयाबाईंना घरी पाठवलं.

सव्वा महिना झाला. मी सकाळी टेबलावरची चादर बदलत होते, तेवढ्यात दारात मनीषा दिसली, खाकी कपड्यात. तपासणी करूनच पुढच्या फेरीला जायचं होतं. पण तिला मागं सारून आधी गयाबाई आत शिरल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, कपाळाला कुंकू, हातात पिशवी नाही. सरळ येऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या.

"गयाबाई, तुमचं काही दुखतंय का?"

"न्हाई."

"मग? आज मनीषाची तपासणी आहे. तुम्हाला कुठं बोलावलं होतं?"

"न्हाई बोलावलं तरी आले," त्या म्हणाल्या. "मागं बोलावलं व्हतं तवा यायचं ऱ्हाऊन गेलं."

मी उठून दार लावून घेतलं आणि त्यांना आधी तपासलं.